होकाराआधीची नाणी

मेक्सिकोतील कॅथलिक विवाहाची मिस्सा ज्याने एकदा पाहिली आहे, त्याच्या स्मरणात दोन गोष्टी हमखास राहतात. वधूवरांनी एकमेकांना वचन दिले, अंगठ्या घातल्या, की वर आपल्या ओंजळीतील तेरा नाणी वधूच्या ओंजळीत ओततो. त्या नाण्यांचा आवाज शांत चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातो. या नाण्यांना 'आर्रास' म्हणतात. पुढे नवदांपत्य गुडघे टेकते, तेव्हा त्या कामासाठी नेमलेले दोन मानकरी येतात आणि एक लांब दुहेरी जपमाळ किंवा फुलांनी गुंफलेली दोरी दोघांच्या खांद्यांवरून इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे टाकतात. ही 'लासो'. मिस्सेच्या अखेरीस ती विधिपूर्वक उतरविली जाते. दोन्ही प्रथा मूळच्या स्पेनच्या; समुद्र ओलांडून त्या मेक्सिकोत आणि फिलिपाईन्समध्ये गेल्या व तेथे मायदेशापेक्षाही अधिक जोमाने रुजल्या.

या चिन्हांचे अर्थ लोक हौसेने सांगतात. तेरा नाणी म्हणजे प्रभू येशू आणि त्याचे बारा प्रेषित, असे कोणी म्हणतो. वर्षाच्या बारा महिन्यांची बारा आणि तेरावे गरिबांसाठी, असे दुसरा सांगतो. दोरी म्हणजे अतूट बंधन, नारिंगाची फुले म्हणजे शुचिता. हे सारे अर्थ सुंदर आहेत. परंतु चिन्हाचा अर्थ सांगून झाला म्हणजे चिन्हाची परीक्षा झाली, असे होत नाही. एखादे चिन्ह खरे केव्हा बोलते आणि खोटे केव्हा, हा त्यापुढचा प्रश्न आहे. तो प्रश्न उपासनाशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा स्पॅनिश भाषेतील ललित साहित्याने अधिक निर्भयपणे विचारला आहे, असे माझे मत आहे. मोरातीनचे 'एल सी दे लास निन्यास' (१८०६), लोर्काचे 'बोदास दे सांग्रे' (१९३३) ही दोन नाटके आणि लाउरा एस्किवेल यांची 'कोमो आग्वा पारा चोकोलाते' (१९८९) ही कादंबरी, अशा तीन कृतींच्या आधारे तो येथे तपासून पाहावयाचा आहे. त्यासाठी प्रथम त्या नाण्यांकडे आणि दोरीकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे.

विसार आणि बंध

'आर्रास' हा शब्द लॅटिनमधील 'आर्रा' या शब्दावरून आला आणि त्याचे मूळ सेमिटिक भाषांत आहे. जुन्या करारात गहाण ठेवलेल्या वस्तूसाठी जो हिब्रू शब्द येतो, त्याचाच हा वंशज. ग्रीकमध्ये तो 'आर्राबोन' झाला, आणि संत पौलाने तोच शब्द उचलून पवित्र आत्म्यासाठी वापरला. आपल्या मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी 'विसार' हा नेमका शब्द योजला आहे. कोकणातला कोणताही शेतकरी विसार म्हणजे काय ते जाणतो. जमिनीचा वा जनावराचा सौदा ठरला, की पूर्ण रक्कम देण्यापूर्वी हातावर ठेवलेला पैसा म्हणजे विसार. तो स्वीकारला की शब्द फिरविता येत नाही. उरलेले येणे बाकी असते, पण ते येणार याची ती हमी असते.

स्पेनमध्ये या विसाराला कायद्याचे रूप फार लवकर आले. सातव्या शतकातील व्हिसिगॉथ राजांच्या कायद्याने वराने वधूला द्यावयाच्या देणगीची मर्यादा त्याच्या मालमत्तेच्या एक दशांशापर्यंत बांधून दिली होती. येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. हा पैसा वराकडून वधूकडे जाणारा होता. तो तिच्या बापाच्या पेटीत जात नव्हता आणि तिच्या बापाकडून वसूलही केला जात नव्हता. हुंड्याची दिशा उलटी आहे, आणि १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही ती दिशा आपण किती बदलली, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे.

दोरीची साक्षही तितकीच जुनी आहे. इ. स. ६३६ मध्ये निवर्तलेले सेविलचे संत इसिदोर आपल्या धर्मविधींविषयीच्या ग्रंथात सांगतात, की आशीर्वादानंतर वधूवरांना एका बंधाने एकत्र जोडले जाते आणि तो बंध पांढऱ्या व जांभळट-तांबड्या रंगांचा असतो. पांढरा रंग जीवनाच्या शुद्धतेचा, तर तांबडा रक्ताचा म्हणजे संततीचा. हे दोन रंग वाचकांनी मनात ठेवावेत. पुढे त्यांची गरज पडणार आहे. स्पेनमध्ये पुढे वराच्या खांद्यावर आणि वधूच्या मस्तकावर एकच वस्त्र पांघरून त्यावर बंध ठेवण्याची 'वेलासिओन' नावाची रीत शतकानुशतके चालू राहिली.

स्पॅनिश मिशनरी मेक्सिकोत पोचले तेव्हा तेथेही गाठ होतीच. १५४१ च्या सुमारास तयार झालेल्या मेंदोसा चित्रसंहितेत एका अस्तेक विवाहाचे चित्र आहे. चुलीजवळ अंथरलेल्या चटईवर वधूवर बसले आहेत आणि त्यांच्या वस्त्रांची टोके एकमेकांना बांधलेली आहेत. शेल्याला पदराची गाठ मारण्याची चाल असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ते चित्र परके वाटणार नाही. स्पेनची दोरी मेक्सिकोच्या गाठीपासून निघालेली नाही, हे इसिदोरांच्या साक्षीवरून स्पष्टच आहे. परंतु ज्या जनतेला गाठीची भाषा ठाऊक होती, तिला दोरीची भाषा शिकवावी लागली नसेल.

अशा स्थानिक रूढींविषयी ख्रिस्तसभेचे धोरण काय? त्रेंत येथील विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहाविषयी जे फर्मान काढले, त्याच्या पहिल्याच प्रकरणात निरनिराळ्या प्रांतांतील प्रशंसनीय चालीरीती आणि विधी राखले जावेत, अशी तीव्र इच्छा व्यक्त केली आहे. चारशे वर्षांनंतर, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील आपल्या संविधानात तीच इच्छा पुन्हा उच्चारली. आपल्याकडे विवाहाच्या वेळी मंगळसूत्राला आशीर्वाद दिला जातो, तोही याच आधारावर. पण त्रेंतच्या त्याच फर्मानात पुढे नववे प्रकरण आहे आणि त्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. आपल्या अधिकाराखालील माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध विवाह करावयास भाग पाडणाऱ्या सरदारांना आणि न्यायाधिकाऱ्यांना त्या प्रकरणात बहिष्काराची शिक्षा फर्मावली आहे. रूढी राखा आणि सक्ती करू नका, या दोन्ही आज्ञा एकाच दिवशी, एकाच कागदावर लिहिल्या गेल्या. माझ्या मते, स्पॅनिश साहित्यातील विवाहाची सारी कथा म्हणजे या दोन प्रकरणांची फारकत झाली तेव्हा काय घडले, त्याची कथा आहे.

आई उत्तर देते

लेआंद्रो फेर्नांदेस दे मोरातीन यांच्या नाटकाच्या नावाचा अर्थच 'मुलींचा होकार' असा आहे. ते २४ जानेवारी १८०६ रोजी माद्रिदमध्ये प्रथम रंगभूमीवर आले आणि त्याला अपूर्व लोकप्रियता लाभली. कथानक साधे आहे. आल्काला दे एनारेस येथील एका धर्मशाळेत एका रात्रीत सारे घडते. सोळा वर्षांची फ्रान्सिस्का कॉन्व्हेंटमधील शिक्षण संपवून आईबरोबर निघाली आहे. आईने तिचे लग्न एकोणसाठ वर्षांच्या श्रीमंत दोन दिएगोशी ठरविले आहे. मुलीचे मन एका तरुण सैनिकावर जडले आहे. तो तरुण दोन दिएगोचाच पुतण्या निघतो. पहाटेपर्यंत वृद्धाला सत्य कळते आणि तो बाजूला होतो.

या नाटकातील खरे धाडस कथानकात नाही, संवादांच्या रचनेत आहे. दोन दिएगो मुलीला प्रश्न विचारतो आणि उत्तर आई देते. तो पुन्हा विचारतो, पुन्हा आईच बोलते. अखेरीस, मुलीला बोलू द्या, असे त्याला सांगावे लागते. मुलगी बोलते तेव्हा काय सांगते? आई सांगेल तसे मी करीन. हा होकार आहे का? व्याकरणाच्या दृष्टीने आहे. पण ज्या मुलीला लहानपणापासून मनातले लपविण्याचेच शिक्षण दिले गेले आणि त्या लपविण्यालाच सद्गुण म्हटले गेले, तिच्या तोंडच्या होकाराची किंमत काय, असा संतप्त सवाल शेवटच्या अंकात दोन दिएगो स्वतःच करतो. मोरातीनने हा सवाल वृद्ध वराच्या तोंडी घातला, यातच त्याची कलात्मक जाण दिसते. तरुण प्रियकराच्या तोंडी तोच सवाल स्वार्थाचा वाटला असता.

नाटक लिहिले गेले त्या काळाची पार्श्वभूमीही ध्यानात घेतली पाहिजे. तिसऱ्या कार्लोस राजाने १७७६ मध्ये हुकूम काढून पंचवीस वर्षांखालील मुलामुलींच्या विवाहाला पालकांची संमती आवश्यक केली. १७७८ मध्ये तो अमेरिकेतील वसाहतींनाही लागू झाला आणि १८०३ मध्ये पालकांचे हात आणखी बळकट करण्यात आले. इतिहासकार पॅट्रिशिया सीड यांनी वसाहतकालीन मेक्सिकोतील विवाहांच्या कागदपत्रांचा अभ्यास केला आहे. त्यावरून दिसते, की सोळाव्या-सतराव्या शतकांत तेथील धर्माधिकारी आईबापांच्या सक्तीविरुद्ध तरुण जोडप्यांच्या बाजूने उभे राहत, प्रसंगी त्यांचे विवाह गुपचूप लावून देत. अठराव्या शतकात मात्र ही बाजू हळूहळू सुटत गेली. म्हणजे मोरातीन जो प्रश्न विचारीत होता, तो ख्रिस्तसभेला नवा नव्हता. तो आम्हा धर्मगुरूंनीच विसरलेला प्रश्न होता.

या नाटकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सुखान्त घडून येतो तो केवळ दोन दिएगो सज्जन आहे म्हणून. तो थोडा कमी सज्जन असता, तर सकाळी विवाह झाला असता, नाणी ओतली गेली असती आणि उपस्थितांनी आनंदाश्रू ढाळले असते. एका माणसाच्या भलेपणावर टेकलेला न्याय हा न्याय नव्हे. मोरातीनने रोग ओळखला, पण तो एका रात्रीत बरा करून प्रेक्षकांना घरी पाठविले.

मेणाची फुले, तांबडे सूत

फेदेरिको गार्सिया लोर्का प्रेक्षकांना असे घरी पाठवीत नाही. 'बोदास दे सांग्रे' म्हणजे 'रक्ताचा विवाह' हे नाटक ८ मार्च १९३३ रोजी माद्रिदमध्ये सादर झाले. त्याच्या मुळाशी १९२८ च्या जुलैमध्ये अल्मेरिया प्रांतातील नीखारजवळ घडलेली सत्य घटना आहे : विवाहाच्या आदल्या रात्री वधू आपल्या चुलतभावाबरोबर निघून गेली आणि वाटेत त्याचा खून झाला. लोर्काने तिचे नाटक केले तेव्हा त्यात फक्त एका पात्राला नाव दिले. तो लेओनार्दो, वधूचा पूर्वीचा प्रियकर, आता विवाहित. बाकी सारे वर, वधू, आई, बाप. जणू समाजाने त्यांना भूमिका दिल्या आहेत, नावे दिलेली नाहीत.

पहिल्या अंकातील मागणी घालण्याचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. वराची आई आणि वधूचा बाप समोरासमोर बसून जमिनीविषयी बोलतात. बाप आपल्या रखरखीत माळावर केलेल्या कष्टांची कथा सांगतो. वराकडील द्राक्षमळ्यांची तो वाखाणणी करतो. त्याच्या दृष्टीने वेलीचे प्रत्येक पान म्हणजे चांदीचे नाणे आहे. दोन्ही जमिनी एकमेकींना लागून नाहीत, एवढीच त्याला खंत. नाटकात आर्रास कोठेही दिसत नाहीत, पण त्यांची चांदी येथे वाजते. विसार देऊन झाला आहे, आणि ज्या वस्तूचा सौदा झाला ती वस्तू अजून खोलीत आलेलीही नाही. ती बोलावल्यावर येते, मान खाली घालून उभी राहते, विचारलेल्या प्रश्नांना थोडक्यात उत्तरे देते. आपण सुखी आहोत असे तिचे ओठ सांगतात आणि तिचा चेहरा मात्र गंभीरच राहतो.

दुसऱ्या अंकात विवाहाची पहाट आहे. अंदालुसियातील जुन्या रीतीप्रमाणे वधूचा पोशाख काळा आहे आणि डोक्यावर नारिंगाच्या फुलांचा मुकुट. दासी वेणीफणी करीत असताना वधू तो मुकुट भिरकावून देते. पुढे मेजवानीच्या वेळी वर तिला कौतुकाने सांगतो, की ती फुले मेणाची आहेत आणि म्हणून ती कायम टिकतील. मला हा नाटकातील सर्वांत करुण क्षण वाटतो. वर दुष्ट नाही. तो भोळा आणि प्रेमळ आहे. पण जे जिवंत नाही तेच टिकते, अशी त्याची समजूत आहे. आजूबाजूला मुली वधूच्या मुकुटातील टाचण्यांसाठी हट्ट करीत आहेत, कारण जिला टाचणी मिळेल तिचे लग्न लवकर होईल अशी समजूत आहे. रूढी सगळ्या यथासांग चालू आहेत. एकच गोष्ट दिसत नाही : प्रत्यक्ष विवाह. चर्चमध्ये जे घडले ते दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात घडून गेले आहे. वधूने होकार कसा दिला, कोणत्या स्वरात दिला, हे लोर्काने आपल्याला ऐकूच दिले नाही. काही समीक्षक यात धर्माविषयीची उदासीनता पाहतात. मला ते पटत नाही. ज्या समाजात सौदा रंगमंचावर होतो, नाच रंगमंचावर होतो आणि होकार तेवढा पडद्याआड उरकला जातो, त्या समाजाचे याहून अचूक चित्र कोणते असू शकेल?

येथे एक सूक्ष्म भेद करणे अवश्य आहे. फ्रान्सिस्कावर आईची सक्ती होती. लोर्काच्या वधूवर तशी उघड सक्ती कोणीच करीत नाही. ती स्वतःच विवाहाची घाई करते, कारण तिला स्वतःच्या मनाचे भय वाटते. लेओनार्दोच्या घोड्याच्या टापा ऐकू येऊ नयेत म्हणून तिला नवरा हवा आहे, जशी पुराला अडवायला भिंत हवी असते. १९८३ च्या धर्मसभेच्या नियमसंहितेनुसार बाहेरून आलेल्या गंभीर भयामुळे दिलेली संमती निरर्थक ठरते. आतून उठलेल्या भयाविषयी ते कलम मौन पाळते. कायदा तेथे थांबतो, कारण कायद्याला अंतःकरण दिसत नाही. नाटककाराला ते दिसते. म्हणूनच या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने, नियमसंहितेबरोबर, हे नाटकही वाचावे असे मी म्हणेन.

अखेरचा प्रवेश आठवा. दोघे तरुण एकमेकांच्या सुऱ्यांनी मेले आहेत. पांढऱ्याशुभ्र, जाड भिंतींच्या खोलीत दोन मुली तांबड्या सुताची लड उलगडीत बसल्या आहेत. पांढरी खोली आणि तांबडे सूत. सातव्या शतकात इसिदोरांनी ज्या बंधाचे वर्णन केले, त्याचेच हे दोन रंग. लोर्काने इसिदोर वाचला असेल वा नसेल. रंगांचा संबंध त्याच्या मातीतच मुरलेला होता. फरक एवढाच, की विवाहाच्या दोरीत हे दोन रंग एकत्र वळलेले होते आणि येथे ते सुटे झाले आहेत. शुद्धता भिंतींना उरली आहे आणि रक्त जमिनीवर सांडले आहे. ज्या दोरीने दोन खांदे बांधावयाचे, ती आता दोन प्रेते मोजते.

केकमध्ये पडलेले अश्रू

लाउरा एस्किवेल यांची कादंबरी मेक्सिकोच्या उत्तर सीमेजवळील एका कुरणवाडीत, क्रांतीच्या काळात घडते. बारा महिन्यांची बारा प्रकरणे आणि प्रत्येकाच्या आरंभी एक पाककृती, अशी तिची खेळकर रचना आहे. १९९२ साली निघालेल्या चित्रपटामुळे ती जगभर पोचली. धाकटी मुलगी तिता हिने लग्न न करता आईची मरेपर्यंत सेवा करावी, असा घराण्याचा दंडक आहे. पेद्रो तिला मागणी घालावयास येतो. आई मामा एलेना तिला नकार देते आणि थोरली रोसाउरा देऊ करते. पेद्रो ती स्वीकारतो. तिताच्या जवळ राहता यावे म्हणून!

विवाहाचा केक तितालाच करावा लागतो. तिचे अश्रू पिठात पडतात. तो केक खाल्ल्यावर विवाहाला आलेले सारे पाहुणे आपापल्या हरवलेल्या प्रेमाच्या आठवणीने हुंदके देऊ लागतात आणि मग ओकाऱ्या सुरू होतात. जिचे लग्न एकेकाळी याच घराण्याने मोडले होते, ती म्हातारी स्वयंपाकीण नाचा, हातात आपल्या प्रियकराचे चित्र धरून मृत सापडते. हा प्रसंग हास्यकारक आहे आणि भयंकरही. वेदीवर उच्चारलेले असत्य कोणालाच ऐकू आले नाही; ते पोटांना कळले. चिन्ह खोटे बोलत होते, तेव्हा अन्न खरे बोलले.

मेक्सिकोत दीर्घकाळ रूढ असलेल्या विधीमध्ये आर्रास देताना वर आश्वासन देतो, की आपल्या घरात आवश्यक ते कधी कमी पडू देणार नाही. वधू ती नाणी स्वीकारताना म्हणते, की घरात जे येईल त्याचा सदुपयोग होईल याची काळजी मी वाहीन. या दृष्टीने कादंबरी पाहिली तर एक गोष्ट लख्ख दिसते. त्या घरातील धान्याचा, मांसाचा, मसाल्याचा सदुपयोग करणारी एकटी तिताच आहे. नाण्यांनी जे वचन मागितले ते ती रोज पाळते आणि नाणी मात्र दुसरीच्या हातात आहेत. एस्किवेल यांची कल्पकता येथे निर्विवाद आहे.

परंतु या कादंबरीविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे. सहानुभूतीचा सारा ओघ तिता आणि पेद्रो यांच्याकडे वाहतो. रोसाउरेच्या वाट्याला काय येते? स्थूलपणा, अपचन, दुर्गंधी आणि वाचकाचे हसू. वस्तुतः तिघांत सर्वाधिक फसवली गेलेली तीच आहे. तिताला सत्य ठाऊक होते. पेद्रोला तर ते ठाऊक होतेच. त्याने वेदीसमोर जो होकार दिला तो दुसऱ्याच स्त्रीला उद्देशून होता. रोसाउरेला मात्र तिचा नवरा तिच्यासमोर उभा आहे असे वाटत होते. आईच्या हुकुमशाहीला लेखिका क्षमा करीत नाही, ते योग्यच; पण पेद्रोच्या खोट्या शब्दाला ती प्रेमाच्या नावाखाली क्षमा करते. सक्तीने घेतलेला होकार हा जसा अन्याय आहे, तसाच कपटाने दिलेला होकारही अन्याय आहे. लोर्का या बाबतीत अधिक न्यायी आहे. त्याने वराची थट्टा केली नाही, आणि लेओनार्दोच्या टाकलेल्या पत्नीलाही तिच्या दुःखाची जागा दिली.

तरीही कादंबरीचा शेवट विसरता येत नाही. रोसाउरा आपल्या मुलीवर, एस्पेरान्सावर, तोच दंडक लादू पाहते. तिता हयातभर त्याविरुद्ध झगडते. अखेरीस एस्पेरान्साचा विवाह तिच्या आवडीच्या तरुणाशी होतो आणि त्या मेजवानीतील अन्न कोणालाही रडवीत नाही. एस्पेरान्सा म्हणजे आशा. तीन पिढ्यांच्या मौनानंतर एका मुलीचा होकार तिचा स्वतःचा होतो.

रिबकेला विचारलेला प्रश्न

या तिन्ही कृती वाचताना मला उत्पत्तीच्या पुस्तकातील चोविसावा अध्याय सतत आठवत राहिला. अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधावयास जातो. सोन्याचांदीचे दागिने आणि वस्त्रे तो रिबकेला देतो. म्हणजे आर्रास दिले गेले आहेत. घरच्यांची संमतीही मिळाली आहे. सकाळी निघावयाची वेळ येते, तेव्हा तिचे आप्त म्हणतात, मुलीलाच बोलावून विचारू. तिला विचारले जाते, या माणसाबरोबर जाशील का? आणि ती आपल्या तोंडाने सांगते, की मी जाईन. इतक्या प्राचीन, पुरुषप्रधान काळातही त्या घराला तो प्रश्न विचारल्याशिवाय राहवले नाही.

आजच्या विवाहविधीची मांडणी हाच क्रम पाळते. आधी प्रश्न : कोणत्याही दडपणाविना, स्वखुशीने आला आहात का? मग परस्परसंमती. मग अंगठ्या. त्यानंतरच नाणी, आणि नंतर दोरी. स्पेनमधील सुधारित विधीत नाणी एकाच बाजूने दिली जात नाहीत; वर आणि वधू दोघेही तेच शब्द उच्चारून ती एकमेकांना देतात, आपल्या सामाईक होणाऱ्या साऱ्या चांगल्या गोष्टींची खूण म्हणून. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ३० डिसेंबर २०१६ पासून अनिवार्य झालेल्या विवाहविधीच्या पुस्तकातही नाणी आणि दोरी यांना ऐच्छिक स्थान मिळाले आहे. हा बदल लहान नाही. विसार देणारा एक आणि विकली जाणारी दुसरी, ही शंकासुद्धा त्याने पुसून टाकली आहे. दोघेही देणारे, दोघेही घेणारे. उरलेले येणे म्हणजे सारे आयुष्य.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा लेख अपुरा आणि थोडा दांभिक ठरेल. विवाहापूर्वी वधूवरांची वेगवेगळी चौकशी करणे आणि ते स्वखुशीने विवाह करीत आहेत ना, हे विचारून नोंदविणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिची आई शेजारच्या खुर्चीवर होती. मी प्रश्न विचारला. मुलीने एकदा आईकडे पाहिले आणि म्हणाली, "आई म्हणेल तसं, फादर." लग्नाचा मंडप पडला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी रकान्यात 'होय' असे लिहिले. तिचा संसार मोडला नाही. ती मला भेटते, मुलांना घेऊन येते, कधी कसली तक्रार करीत नाही. पण मोरातीनचे नाटक मी प्रथम वाचले तेव्हा फ्रान्सिस्काच्या वाक्याशी येऊन थांबलो आणि त्या रात्री पुढे वाचू शकलो नाही. तेव्हापासून मी आईला बाहेर बसावयास सांगतो, दार लोटून घेतो आणि प्रश्न दोनदा विचारतो. उत्तर यायला वेळ लागला तर थांबतो. मंडप पडला असला तरी थांबतो.

रूढी वाईट नाहीत. नाणी, दोरी, फुले, मंगळसूत्र, शेल्याची गाठ या साऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची माया साठलेली आहे आणि त्रेंतच्या धर्मपित्यांनी त्या राखण्याचा आग्रह धरला तो शहाणपणाचाच होता. पण ही चिन्हे मुकी आहेत. ती स्वतः काही सांगू शकत नाहीत. आपण जे बोललो त्यालाच ती दुजोरा देतात. आपण खरे बोललो तर ती खरी होतात, आपण गप्प राहिलो तर ती मेणाची होतात. मोरातीन, लोर्का आणि एस्किवेल यांनी जवळजवळ दोनशे वर्षांच्या अवधीत हे एकच सत्य तीन परींनी सांगितले, आणि त्रेंतच्या फर्मानातील विसरलेले नववे प्रकरण त्यांनी आपल्यासाठी जपून ठेवले. ओंजळीत नाणी पडण्यापूर्वी त्या ओंजळीच्या मालकिणीला विचारले गेले पाहिजे, आणि तिचे उत्तर तिच्याच आवाजात ऐकू आले पाहिजे.